शेवंतीच्या अंधारातला लाल दिवा

मित्रांनो, लाल दिवा म्हटलं की तुमच्यातल्या काहींना साहेबाची गाडी आठवेल. मी तसला दिवा नाही. आर्वीला बस स्टँडच्या मागच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या डार्क रूममधला, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतला, मी जुना लाल बल्ब आहे. तुम्ही वाचलेल्या आत्मवृत्तांत पेन, छत्र्या आणि सायकली आपली सेवा मोठ्या अभिमानाने सांगतात. माझ्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आता मात्र आयुष्य आठवायला बसलो की एकच उन्हाळा आठवतो आणि मान खाली जाते. बल्बाला मान नसते म्हणा, पण लाज असते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला सांगता येणार नाही. माझ्या पितळी टोपीवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली. एवढं आठवतं, की खोक्यात माझ्या शेजारी बसलेल्या बल्बांच्या साध्या काचेला वरून लाल रंग फासला होता आणि माझी काचच मुळात लाल होती. मी त्यांना बसल्या जागी नावं ठेवायचो. फुशारकीची सवय मला अगदी तेव्हापासूनची आहे.

नागपूरच्या एका दुकानातून मला श्रावणभाऊंनी विकत घेतलं. तेव्हा ते ऐन पंचविशीत होते आणि नुकताच त्यांनी स्टुडिओ काढायचं ठरवलं होतं. एसटीत त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी वर टाकली आणि मला मात्र रुमालात गुंडाळून मांडीवर धरलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी बराच वेळ पाहून विचारलं, "अंडं हाय का जी?" श्रावणभाऊ हसले आणि म्हणाले, "नाई माय, दुकान हाय माह्यं." आर्वी येईपर्यंत मी फुगून बसलो होतो.

डार्क रूम तुमच्यापैकी कोणी पाहिली नसेल. एक बुटकी खोली, खिडकी नाही, दोन दारं आणि दोन्हींच्या मध्ये जाड काळा पडदा. आत लोखंडी कपाटात औषधांच्या बाटल्या, ओट्यावर पाण्याचे उथळ ट्रे आणि डोक्यावर आडवी दोरी. फोटोच्या कागदाला साधा उजेड लागला की तो काळा पडतो, वाया जातो. लाल उजेड मात्र त्या कागदाला दिसतच नाही. म्हणून त्या खोलीत सगळ्या दिव्यांना बंदी आणि मला तेवढी मुभा. कोरा कागद औषधात बुडवला की माझ्या उजेडात त्याच्यावर हळूहळू डोळे उमटायचे, मग नाक, मग ओठ. बारावीच्या परीक्षेचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो, जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो, सगळ्यांचे चेहरे आधी मी पाहिले आणि मग त्यांनी. श्रावणभाऊंच्या बायकोचं, सीताबाईंचं, म्हणणं असायचं की यांचं लग्न बायकोशी नाही, त्या खोलीशी झालं आहे. नवीन कोणी शिकायला आलं की श्रावणभाऊ माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "याची भीती नको ठेवू. लाल उजेडात काईच बिघडत नाई." हे वाक्य मी माझं प्रमाणपत्र समजून जपलं.

पुढे रंगीत फोटो आले. ते धुवायला वर्ध्याला जाऊ लागले. मग मोबाईल आले आणि जो तो स्वतःच फोटोग्राफर झाला. श्रावणभाऊंनी काही वर्षं पुढच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन चालवलं, नंतर तेही विकलं. डार्क रूमला कुलूप लागलं. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं आणि मी होल्डरमध्ये लटकत राहिलो. मी फ्यूज मात्र झालो नाही. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. आर्वीची वीज माझ्या तरुणपणी इतकी मंद असायची, की तारेवर कधी ताणच आला नाही. सीताबाई वारल्या तेव्हा श्रावणभाऊ एकदाच कुलूप उघडून आत आले, मला लावून थोडा वेळ स्टुलावर बसले आणि निघून गेले.

त्यांचा मुलगा रुपेश एसटी डेपोत नोकरीला लागला. त्याला ही खोली कधीच आवडली नाही. रस्त्याकडची भिंत पाडून शटर बसवायचं आणि गाळा करायचा, असं त्याच्या मनात होतं. किसनराव मिस्त्रींशी बोलणंही झालं होतं. श्रावणभाऊ त्यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते फक्त त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हा त्यांची सून नंदिनी मध्ये पडली. ती देवळीकडची, शेतात वाढलेली, आणि नुकतीच घरातल्या घरात फुलं वाढवण्याचं प्रशिक्षण घेऊन आलेली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. ती म्हणाली, "मामाजी, ते अंधाराची खोली मले द्या. शेवंती लावाची हाय."

रुपेश हसला. "अंधारात कोनतं झाड येते वं? अन् आर्वीच्या उन्हाळ्यात?"

"शेवंतीले अंधारच लागते," नंदिनी म्हणाली. "बुद्धपौर्णिमेले साऱ्या बाजारात शेवंती दिसत नाई. आपल्या घरची पांढरी शेवंती विहारात जाईन. मी ज्योत्स्नाताईले सांगून आली."

ज्योत्स्नाताई विहाराच्या महिला मंडळाच्या प्रमुख. त्यांना शब्द देऊन ही मोकळी झाली होती. रुपेशने थोडा विचार केला. "ठीक हाय. पौर्णिमेपर्यंत ठेव. खोली भरून फुलं आली तं खोली तुही. नाई आली तं किसनराव भिंत पाडतीन, मंग कोनी रुसाचं नाई." हे तो बायकोकडे बघून बोलला, पण ऐकवलं वडिलांना.

शेवंतीचं गणित नंदिनीने श्रावणभाऊंना समजावलं तेव्हा मीही ऐकलं. कळी कधी धरायची हे शेवंती रात्रीवरून ठरवते. रात्र लांब आणि सलग मिळाली, की तिला वाटतं हिवाळा आला, आता फुलायला हरकत नाही. त्या अंधारात मध्येच उजेड शिरला, तर तिच्या लेखी रात्र मोडली. मग ती नुसती पानं काढत बसते. आता उन्हाळ्यात दिवसा खोलीत दिवे लावले तर खोलीची भट्टी व्हायची. म्हणून नंदिनीने दिवस आणि रात्र यांची अदलाबदल केली. संध्याकाळी ती पांढऱ्या ट्यूब लावायची आणि सकाळी विझवायची. बाहेर ऊन रणरणत असताना आत शेवंतीची रात्र चालायची. बाहेर कूलर, आत गार ओल आणि काळोख.

खोलीत काळोख करणं हा श्रावणभाऊंच्या डाव्या हातचा मळ होता. ते खडू घेऊन आत बसायचे. डोळे अंधाराला सरावले की कुठली फट उजेड सोडते ते आपोआप दिसतं. दिसली फट की खडूची खूण, आणि खूण दिसली की नंदिनीची कणकेची खळ आणि काळं कापड. कुलपाच्या भोकात तिने कापूस कोंबला. किती वर्षांनी त्या माणसाला कोणी काही विचारत होतं! सुनेला काम शिकवताना त्यांचा आवाज पुन्हा स्टुडिओतल्यासारखा झाला. शेवटी ते म्हणाले, "आपल्याले आत याले-जाले उजेड तं लागन. तो बल्ब हाय न आपला."

नंदिनीने वर माझ्याकडे पाहिलं. "त्यानं काई होनार नाई न, मामाजी?"

"लाल हाय तो. माह्यी जिंदगी गेली त्याच्याखाली. लाल उजेडात काईच बिघडत नाई."

ती निर्धास्त झाली. अंधाराच्या बाबतीत अख्ख्या आर्वीत मामाजींपेक्षा जाणता माणूस तिला कुठून मिळणार होता? तिने माझ्यावरचं जाळं पुसलं. मी पुन्हा लागलो. मित्रांनो, मला किती आनंद झाला सांगू! ट्यूब विझल्या की खोली माझी. दुपारचं जेवण झालं की श्रावणभाऊ पडद्याआडून आत यायचे, मला लावायचे, स्टूल ओढायचे. पिवळी पानं खुडायची, कुंडीतली माती बोटाने चाचपायची आणि बोलत बसायचं. जुनी गिऱ्हाइकं, लग्नं, कोणाचा फोटो कसा डोळे मिटलेला आला होता ते. बोलता बोलता कधी त्यांना डुलकी लागायची आणि मी तसाच जळत राहायचो. सगळी पानं माझ्याकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, हा माझा दरबार आहे.

होळी गेली, पाडवा गेला. शेवंतीचा पाला असा माजला की कुंड्या दिसेनात. पण कळीचा पत्ता नाही. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल रस्त्यावरून गेले तेव्हा नंदिनी आत एकेका रोपाचा शेंडा दोन बोटांत धरून पाहत होती. शेंड्यात पानांखेरीज काही नव्हतं. ज्योत्स्नाताई येऊन सांगून गेल्या, "नंदिनी, आमी दुसरीकडं फुलं सांगितलेच नाई हं. तुह्याच भरोशावर हाओत." रुपेश येता-जाता टोमणे मारायचा. "पालक लावली असती तं भाजी तरी झाली असती."

नंदिनी हसून घ्यायची आणि मग एकटी असताना ओट्याला टेकून उभी राहायची. तिने खत बदललं, पाणी कमी केलं. मग उजेडाच्या मागे लागली. कुठूनतरी चोरटा उजेड येतो आहे याची तिला खात्री होती. पडद्याला दुसरा पडदा लावला. वरच्या झरोक्यावर पुठ्ठा ठोकला. स्टॅबिलायझरवर मुगाएवढा दिवा असतो, त्यावरसुद्धा काळी चिकटपट्टी मारली. आणि हे सगळं ती करत होती माझ्या उजेडात! मी डोक्यावर लटकलेला, तिला चोर शोधायला प्रकाश दाखवत होतो. चोर कोण याची शंका मला तेव्हाच आली होती. का आली, ते पुढे सांगतो. पण खरं सांगायचं तर मला सापडायचं नव्हतं. इतक्या वर्षांनी लागलो होतो. अजून थोडे दिवस जळू द्या, एवढंच माझ्या मनात होतं. या विचाराची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

औषधांचं लोखंडी कपाट अजून तिथेच होतं. त्याच्यामागच्या कोपऱ्यात जागा नव्हती म्हणून काही कुंड्या ढकलून ठेवल्या होत्या. भिंतीवरच्या ट्यूबचा उजेड तिथे पडायचा, माझा मात्र पोचत नव्हता, त्यामुळे तिथे काय चाललं आहे हे मला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी ट्यूब लावल्यावर नंदिनीने झाडायला म्हणून त्या कुंड्या ओढल्या आणि ती तिथेच खाली बसली. शेंड्याशेंड्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या होत्या. त्या कोपऱ्यातलं एकही झाड रिकामं नव्हतं.

माती तीच, पाणी तेच, खत तेच. मग त्या कोपऱ्यात वेगळं काय होतं? तिने ट्यूब विझवल्या, मला लावलं आणि कपाटामागे कुंडीच्या जागी उकिडवी बसून पाहिलं. तिच्या अंगावर कपाटाची सावली होती. मग ती बाहेर सरकली आणि तिच्या हातावर माझा लाल उजेड पडला. ती बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिली. हळूच म्हणाली, "धाब्यापासचं सोयाबीन."

ही गोष्ट मला नंतर कळली. देवळीला तिच्या माहेरचं शेत रस्त्याला लागून आहे. बाजूला धाबा झाला आणि धाब्याचा मोठा दिवा रात्रभर बांधावर पडू लागला. तेव्हापासून सारं शेत पिवळं पडून कापणीला येतं तरी दिव्याखालचा पट्टा हिरवागारच राहतो. तिचे वडील गमतीने म्हणायचे, "याले बिचाऱ्याले झोपच नाई." घरातले सगळे हसायचे आणि पट्टा सोडून कापणी करायचे. त्या हसण्यात काय दडलं होतं, हे नंदिनीला आत्ता उमगलं.

तिने मला विझवलं, मी गार होईपर्यंत थांबली आणि पदरात धरून होल्डरमधून काढलं. स्वयंपाकघरात नेऊन तुरीच्या डाळीच्या डब्यात मला पुरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रावणभाऊ नेहमीसारखे आत गेले. बटणाचा खटखट आवाज मला डब्यात ऐकू आला. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "बल्ब कुठं हाय?"

"फुटला, मामाजी. झाडता झाडता झाडू लागला."

ते म्हणाले, "तुले तं नाई न लागलं? काच वेचली न नीट? अनवानी फिरू नको आत."

त्यांना माझं दुःख झालं होतं, हे त्यांच्या आवाजात कळत होतं. तरी त्यांनी आधी तिच्या पायांची चौकशी केली. डाळीच्या दाण्यांत तोंड खुपसून मी ते ऐकलं. नंदिनीलाही पुढे बोलवेना. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून ती खोटं बोलली होती, आणि ते खोटं किती महाग पडेल हे तिला त्याच संध्याकाळी समजलं. श्रावणभाऊ उन्हं उतरल्यावर बाजारात गेले. इलेक्ट्रिकची दुकानं पालथी घातली आणि एक छोटा लाल बल्ब घेऊन आले. रंग फासलेला! घरात शिरता शिरता खोका वर करून म्हणाले, "भेटला, पोरी! तसा नाई हाय, पन काम चालन. आत्ताच लावून घेतो."

नंदिनी कणीक मळत होती. तिने हात धुतले, डबा उघडला, मला डाळीतून बाहेर काढलं आणि सासऱ्यांच्या तळहातावर ठेवलं. "फुटला नाई, मामाजी. मीच लपवला."

मग ती त्यांना कपाटाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. कळ्या दाखवल्या. मग माझ्यासमोरची झाडं दाखवली, ती माजलेली आणि रिकामी. श्रावणभाऊ आधी ऐकायला तयार नव्हते. "अवं, लाल हाय तो! लालानं कधी धोका देल्ला नाई मले."

"कागदाले लाल दिसत नाई, मामाजी," नंदिनी म्हणाली. "झाडाले दिसते."

ते स्टुलावर बसले. मी त्यांच्या मुठीत होतो. मूठ उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते एकच शब्द बोलले. "रीळ."

नंदिनीला काही कळलं नाही. मला कळलं. मित्रांनो, मघाशी राखून ठेवलेली गोष्ट हीच. कॅमेऱ्यातलं रीळ कागदासारखं नसतं. त्याला लाल उजेडही दिसतो. म्हणून रीळ उघडायची वेळ आली की श्रावणभाऊ मलासुद्धा विझवायचे आणि मिट्ट काळोखात नुसत्या बोटांनी सगळं काम करायचे. तेवढा वेळ मला अपमान वाटायचा. मी रुसून बसायचो आणि पुन्हा लागलो की तो वेळ विसरून जायचो. लाल उजेडात काहीच बिघडत नाही, हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं ते वयामुळे विसरले आणि मी तोऱ्यामुळे. माझ्या उजेडाने बिघडणारी एक वस्तू मी वर्षानुवर्षं रोज पाहिली होती. तरी पानांनी भरलेल्या त्या दरबारात मला ती आठवायची नव्हती.

"मले मालूम होतं, पोरी," श्रावणभाऊ म्हणाले. "मालूम असून इसरलो. तू भोकाभोकात बोळे कोंबून राह्यली होती, अन् मी..." नवा बल्ब खोक्यासकट त्यांनी दुकानात परत नेऊन दिला. त्या दिवसापासून शेवंतीला खरी रात्र मिळाली, पण उशीर झाला होता. कळी धरायला आणि फुलायला शेवंती आपला वेळ घेतेच. तिला पौर्णिमेची घाई नसते.

पौर्णिमा उद्यावर आली. कपाटामागच्या कुंड्या तेवढ्या पांढऱ्याशुभ्र फुलल्या होत्या. बाकीच्या खोलीत नुकते दाणे धरले होते. रुपेश दुपारीच डेपोतून आला तो किसनरावांना घेऊनच. त्याने नंदिनीच्या हातातलं ताट पाहिलं.

"एवढेच? खोली भरून झाडं, अन् फुलं मूठभर?" तो म्हणाला. "तुह्या हाताले फूल नाई, नंदिनी. किसनराव, घ्या माप."

किसनरावांनी टेप बाहेर काढली. नंदिनीने एकदा मामाजींकडे पाहिलं आणि खाली बघितलं. माझं नाव सांगून मोकळं होणं तिच्या हातात होतं, पण ती बोलली नाही. तिला विहारातल्या बायकांसमोर उभं राहायचं होतं, ती खोली जात होती, आणि वर हा बोल. ते सगळं तिने निमूटपणे अंगावर घेतला. मी श्रावणभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात होतो.

त्यांनी मला बाहेर काढलं आणि मुलासमोर धरलं. "तिच्या हाताचं काई नाई. हे पाह्य. हा बल्ब मी आत लावून बसत होतो, रोज. ती उजेड बुजवत होती अन् मी लावत होतो. ह्याच्या उजेडापासून जे झाड लपलं तेच फुललं. चूक माही हाय, रुपेश."

भर उजेडात, किसनरावांच्या देखत, मी म्हाताऱ्याच्या हातात विझलेला होतो. लपायला काळोखही नव्हता.

रुपेश माझ्याकडे बघत राहिला. मग फार हळू बोलला. "मी चौथीत होतो तवा ह्या खोलीचं दार उघडलं होतं. आठोते तुमाले?"

"आठोते."

"माहा पहिला नंबर आला होता. ते सांगाले आलतो. कोनाचे तरी लग्नाचे फोटो काळे झाले म्हनून तुमी मले पट्ट्यानं मारलं. बोटभर उजेडासाठी."

"हो," श्रावणभाऊ म्हणाले. ते दृश्य मलाही आठवत होतं, कारण मी तेव्हा डोक्यावर लागलेला होतो. मुलगा रडत बाहेर पळाला होता आणि श्रावणभाऊ ओल्या, काळ्या कागदांकडे बघत उभे होते. नंबराचं त्यांनी तेव्हा विचारलंच नव्हतं. "तू लेकरू होता. तुले नाई मालूम होतं. मले तं सारं मालूम होतं." त्यांनी मला पुन्हा खिशात ठेवलं. "भिंत पाडाची तं पाड, बाबू. ह्या खोलीवर आता माहा काई हक्क नाई. पन तिच्या हाताले फूल नाई, असं पुन्हा म्हनू नको."

ज्या खोलीत त्यांचं सारं आयुष्य गेलं ती त्यांनी अशी एका वाक्यात सोडून दिली. रुपेशने पायातल्या चपला काढल्या, पहिलं दार उघडून आत गेला आणि दार लावून घेतलं. मग दुसरं दार लागल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर उभे. किसनरावांनी टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली. नंदिनीच्या हातातलं ताट तसंच होतं. आत तो काय करत होता मला माहीत नाही. पण चौथीनंतर तो त्या काळोखात पहिल्यांदाच बसला होता, आणि या वेळी त्याला बाहेर घालवणारं कोणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो डोळे चोळत बाहेर आला. वडिलांकडे न पाहता किसनरावांना म्हणाला, "खालून, उंबरठ्यापासून, उजेडाची रेघ येते. ते आधी बुजवा. भिंतीचं मंग पाहू."

ती रेघ म्हाताऱ्या डोळ्यांना दिसली नव्हती. श्रावणभाऊ चटकन पुढे झाले, "कुठं, दाखव," आणि दोघे उंबरठ्यापाशी वाकले. नंदिनी आत स्वयंपाकघरात गेली आणि तिथे तिने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी विहारात मोगरा जास्त होता आणि शेवंती मूठभर. ज्योत्स्नाताईंचा चेहरा उतरला. नंदिनीला तो सोसावा लागला आणि तो भार माझ्याकडे आहे. उरलेली सगळी शेवंती पावसाळ्याच्या तोंडावर फुलली. तेव्हा तिची वाट कोणीच पाहत नव्हतं. नंदिनीने ती मोहल्ल्यात घरोघरी वाटली. भिंत मात्र अजून उभी आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एकच मागणं मागतात, की आम्हाला टाकू नका, आम्हाला वापरा. माझं मागणं उलटं आहे. उजेड चांगला, हे तुम्हाला लहानपणापासून सांगतात आणि ते खोटं नाही. पण अंगणातल्या झाडाला रात्र हवी असते, घरट्यातल्या पाखराला हवी असते, शेतातल्या सोयाबीनला हवी असते. तुमचं काम संपलं की दिवा मालवत जा. आपला उजेड कोणाला खुपतो आहे का, हे विचारायला मी फार उशीर केला.

आता पुढच्या खोलीत एका काचेच्या बरणीत, कापसावर, श्रावणभाऊंनी मला ठेवलं आहे. शाळेची मुलं शेवंती बघायला येतात तेव्हा ते मला बाहेर काढतात आणि चूक कोणाची होती ते सांगतात. स्वतःचं नाव ते वगळत नाहीत. मग एखादं मूल हमखास विचारतं, "आजोबा, हा अजून लागते का?" ते म्हणतात, "लागते." "मंग लावा न, एकदाच!" आणि खरं सांगतो, माझ्या तारेला अजूनही हाव सुटते. त्या वेळी तुम्ही तिथे असाल, तर त्या मुलाचा हात धरा. आत शेवंती झोपली आहे.